दोन डिझेल इंजिनांची बोट: बॅटऱ्या बदलल्यापासून एक अल्टरनेटर चार्ज करत नाही, पण सेल्फ नीट फिरतो. प्लस-मायनस उलटं झालं असेल का?

हो, शक्यता दाट आहे. सेल्फ फिरतो म्हणून जोडणी बरोबर, असं धरू नका. जुन्या डिझेलच्या सेल्फमध्ये फील्ड कॉइल (चुंबक तयार करणारी स्थिर गुंडाळी) आर्मेचरशी (फिरणाऱ्या गुंडाळीशी) सिरीजमध्ये असते, म्हणजे दोन्हींतून एकच करंट जातो. पोलॅरिटी उलटली की दोन्हींतला करंट एकदमच उलटतो आणि मोटर त्याच दिशेने फिरते. मार बसतो अल्टरनेटरच्या डायोडना, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांना. मी कोल्हापुरात उद्यमनगरला सेल्फ-अल्टरनेटर दुरुस्त करतो. ट्रॅक्टरवाले असे उडालेले डायोड नेहमी आणतात. बोटीत धोका जास्त, कारण दोन्ही इंजिनांचा मायनस सहसा एकच असतो. एक बॅटरी उलटी असताना पॅरलल स्विच (दोन्ही बॅटऱ्यांचे प्लस जोडणारा) दाबलात तर दोन्ही बॅटऱ्या एकमेकींत शॉर्ट होतात, केबल पेटते. तो स्विच आत्ताच बंद करून ठेवा.

मग इंजिनं बंद ठेवून, मीटर डीसी व्होल्टवर लावून, दोन्ही सेल्फकडे जाणाऱ्या प्लस केबलींमध्ये मोजा. 12 व्होल्टच्या बोटीत शून्याच्या आसपास यायला हवं. 24-25 दाखवलं तर एक बाजू उलटी आहे. ती सरळ करताना इंजिनाच्या बॉडीला जाणारी केबल आधी सोडा, आणि परत जोडण्याआधी अल्टरनेटरची जाड वायर काढून डायोड तपासून घ्या. ते शॉर्ट असतील तर बरोबर जोडलेली बॅटरीही ठिणग्या काढेल. (नवी बॅटरी घेताना टर्मिनल कुठल्या बाजूला आहे हे कुणी बघतच नाही!)

फक्त दोन्ही इंजिनांचे मायनस पूर्ण वेगळे असतील तर ही मोजणी फसवते. तिथे प्रत्येक बॅटरी स्वतंत्र तपासा.