भाड्याच्या घरातला स्मोक अलार्म उगाच वाजतोय?

आधी घरभर फिरून खरंच कुठे धूर नाही ना, ते बघ. रोज खोटा वाजतो म्हणून गृहीत धरू नकोस.

मग आवाज नीट ऐक. दर ३०-६० सेकंदांनी एकच 'टिक' होत असेल तर तो धुराचा इशारा नाही, बॅटरी संपत आल्याची कुरकुर आहे. पहाटे हे जास्त होतं, कारण गारठ्यात बॅटरीचा व्होल्टेज (विजेचा दाब) उतरतो. सलग किंचाळत असेल तर जागा तपास. बाथरूमच्या दाराशी असेल तर वाफ, शेगडीपासून ३ मीटरच्या आत असेल तर फोडणी. आयनीकरण प्रकारचा अलार्म (आतल्या किंचित किरणोत्सर्गी पदार्थाने धूर ओळखणारा) स्वयंपाकाच्या धुराला फार लवकर भडकतो. तिथे प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणारा (फोटोइलेक्ट्रिक) बरा. काहीच कारण दिसत नसेल तर आत धूळ किंवा एखादा किडा असू शकतो. व्हॅक्यूमचा मऊ ब्रश फिरव, पाणी मारू नकोस.

मागची उत्पादन तारीखही वाच. १० वर्षं उलटली असतील तर साफसफाईत वेळ घालवू नकोस, घरमालकाला लेखी कळवून नवा मागून घे. आणि वैतागून बॅटरी काढून ठेवायची नाही! (मीही काढली होती एकदा, महिनाभर विसरलो.) बऱ्याच अलार्मवर तात्पुरतं गप्प करायचं बटण असतं, ते वापर.