कोडिंग येत नसेल तर एआयच्या धोरणाचा आणि कायद्यांचा अभ्यास कुठून सुरू करावा?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, राज्यशास्त्रात बी. ए. केलंय, दिवसा दुकानात काम असतं. कोडिंग येत नाही, इंग्रजी वाचता येतं पण सावकाश, आणि पुण्या-दिल्लीला जाऊन शिकण्याइतके पैसे नाहीत. एआयवर कुणाचा अंकुश असावा, त्याचे नियम कोण करतं, हे शिकायचंय.

मी प्राध्यापक नाही. सांगलीतल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे आणि हा विषय रात्री जेवणं झाल्यावर, हळूहळू शिकलोय. त्यामुळे आधी मी यात कसा आलो ते सांगतो. तुमच्यासाठी वाट तिथूनच सुरू होते असं मला वाटतं.

आमच्याकडे कर्जाच्या अर्जांना गुण देणारं सॉफ्टवेअर बसवलं. अर्जदाराची माहिती भरायची, मशीन शंभरपैकी गुण काढणार, आणि ५५ च्या खाली आले की अर्ज कर्ज समितीपुढे जायच्या आतच बाजूला. पहिल्या काही दिवसांतच सांगलीच्या गावभाग पेठेतल्या एक ताई आल्या. घरी भडंग करून दुकानांना देतात, पॅकिंगच्या मशीनसाठी दीड लाख हवे होते. पंधरा वर्षांच्या सभासद, दोन चांगले जामीनदार. गुण आले ४१. मी सांगितलं, होणार नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, द्यायचं नसंल तर नका देऊ, पण माझं काय चुकलं ते तरी सांगा की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्क्रीनवर नुसता आकडा होता.

त्या रविवारी मी एक वही घेतली आणि ६० जुने अर्ज तिच्यात उतरवले. नावं नाहीत, फक्त पत्ता, उत्पन्न, तारण, जामीनदार, मागची थकबाकी आणि मशीनचे गुण. दुपारपर्यंत चित्र दिसायला लागलं. उत्पन्न तेवढंच, जामीनदार तसेच, पण विश्रामबाग-विजयनगरच्या माणसाला साठीच्या घरात गुण आणि गावभाग, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉटच्या माणसाला चाळिशीत. सांगलीकराला कारण सांगावं लागणार नाही, तुम्हाला सांगतो. हा सगळा पूरपट्टा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरात शिरलं. त्या दोन्ही साली इथले हप्ते थकले, नंतर बहुतेकांनी ते भरलेही. पण मशीन शिकलं होतं जुन्या वसुलीच्या तक्त्यावरून, आणि पूर आला होता हे सांगणारा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. त्यामुळे नदीकाठचे लोक पैसे बुडवतात, एवढंच त्याने उचललं.

एआय म्हणजे काय, हे समजायला मला त्या वहीपेक्षा चांगलं पुस्तक मिळालेलं नाही. मागचं बघून पुढचं सांगणारं गणित. मागच्या नोंदीत जे सुटलं असेल ते पुढच्या निर्णयातही सुटतं, फरक एवढाच की आता ते हजारो लोकांना एकदम लागू होतं. तुम्हाला कोडिंग येत नाही याची काळजी करू नका. एक्सेलचा तक्ता नीट वाचता आला तर पहिलं वर्ष पुरतं. हेलसिंकी विद्यापीठाचा 'एलिमेंट्स ऑफ एआय' हा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे, इंग्रजी सोपं आहे, तेवढा करा. एनपीटीईएलवरही, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरही, बरंच आहे.

मशीन चुकलं, हे कळलं. पण मला रात्री झोप येईना ती पुढच्या गोष्टीने. दाद कुणाकडे मागायची? सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांना पत्र लिहिलं. गुण कसे काढतो ती आमची व्यावसायिक बाब, असं उत्तर आलं. आमच्या वरिष्ठांनी सांगितलं, निर्णय मशीनचा आहे. माहिती अधिकार वापरावा म्हटलं तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थळप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सांगितलंय की सहकारी संस्था सरसकट 'सार्वजनिक प्राधिकरण', म्हणजे माहिती द्यायला बांधील असलेली संस्था, ठरत नाहीत. रिझर्व्ह बँकेकडे जावं तर पतसंस्था तिच्या कक्षेत नाहीत, त्या सहकार खात्याकडे. आणि जिल्हा उपनिबंधकांच्या तपासणीत हिशेब, तारण, थकबाकी सगळं बघतात, गुण देणाऱ्या गणिताबद्दल विचारायला तिथे कुणाला सांगितलेलंच नाही.

एआय गव्हर्नन्स म्हणतात ते हेच. निर्णय कुणी घेतला, कशाच्या आधारावर घेतला, आणि चुकला तर कुणाच्या दारात जायचं. मी कुठलाही कायदा किंवा अहवाल उघडला की वहीच्या डाव्या पानावर हे तीन प्रश्न लिहितो आणि उजवीकडे उत्तरं शोधतो. तुम्हीही असंच वाचा. नाहीतर 'नैतिक', 'विश्वासार्ह', 'जबाबदार' असले शब्द शेकडो पानं वाहत राहतात आणि हाताला काही लागत नाही.

आता वाचायचं काय. युरोपचा एआय कायदा आधी घ्या, कारण तो सगळ्यात स्पष्ट रेघा मारतो. १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्याची रचना आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पाणी कुठल्या आकड्याला आलं की काय करायचं हे आधी ठरलेलं असतं आणि ते पोरासोरांनाही पाठ असतं. युरोपने एआयच्या वापरांना अशाच पातळ्या लावल्या. काही वापर थेट बंद: माणसांना वागणुकीवरून सामाजिक गुण देणं, शाळेत किंवा कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून भावना ओळखणं. त्याखाली 'उच्च जोखीम': नोकरभरती, शिक्षण, पोलीस, आणि माणसाची कर्जाची पत ठरवणं. इथे नोंदी ठेवा, मानवी देखरेख ठेवा, वापरलेली माहिती तपासा अशी बंधनं आहेत. त्याखालच्यांना फक्त 'हे एआय आहे' असं सांगण्याचं बंधन, आणि बाकी मोकळं. सगळ्यात गंभीर उल्लंघनाला दंड साडेतीन कोटी युरोपर्यंत किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, जो जास्त असेल तो. ११३ कलमं आहेत, सगळी वाचू नका. कलम ५ (बंद केलेले वापर), तिसरं परिशिष्ट (उच्च जोखमीची यादी) आणि कलम ८६ वाचा. ८६ मध्ये उच्च जोखमीच्या यंत्रणेच्या आधाराने घेतलेला निर्णय ज्याला बाधतो, त्याला त्याचं स्पष्टीकरण मागण्याचा हक्क दिलाय. माझं काय चुकलं ते तरी सांगा, हे तिथे कलमात लिहिलंय. ते वाचलं तेव्हा मला त्या ताईंचा चेहरा आठवला.

मग आपल्याकडे या. सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल वाचा, नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. राज्यशास्त्र झालंय, तुम्हाला तो जड जाणार नाही. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा: फक्त ४४ कलमं, दोन संध्याकाळींत होतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. यात एक गोष्ट आपल्या कामाची: संमती घेताना दिली जाणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागणार आहे, म्हणजे मराठीतही. आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते: याच कायद्याच्या ४४ व्या कलमाने माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम ८(१)(जे) बदललं, त्यामुळे 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं आता सोपं झालंय. मशीनने घेतलेल्या निर्णयाचं कारण मागायचा हक्क मात्र या कायद्यात नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या समितीचा एआयवरचा अहवाल आला. अध्यक्ष होते आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य. त्यातली सात सूत्रं केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत घेतली. त्यांत 'माणूस आधी' आहे, 'उत्तरदायित्व' आहे, आणि 'बंधनापेक्षा नावीन्याला पसंती' हेही आहे. या घडीला वेगळ्या एआय कायद्याची गरज नाही, असलेले कायदे आणि स्वेच्छेचं पालन पुरेल, अशी सरकारची भूमिका आहे. माझं मत वेगळं आहे. स्वेच्छेने कारण सांगायची वेळ आमच्या पुरवठादारावर आली तेव्हा त्याने काय लिहिलं ते वर सांगितलंच. पण तुम्ही मूळ कागद वाचून स्वतःचं मत करा.

हे फक्त कर्जापुरतं नाही. हॉलंडमध्ये मुलांच्या संगोपन अनुदानात घोटाळा शोधायला लावलेल्या यंत्रणेने हजारो कुटुंबांना चोर ठरवलं, त्यांच्याकडून वसुली लावली; जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. आपल्या शेजारी तेलंगणात लोकांच्या सरकारी नोंदी एकमेकांशी जुळवणाऱ्या 'समग्र वेदिका' यंत्रणेने एका विधवा बाईंच्या नवऱ्याच्या नावावर चारचाकी दाखवली, कारण नावं मिळतीजुळती होती, आणि त्यांचं रेशन बंद झालं. ही दोन प्रकरणं खोलात जाऊन वाचा. माझ्या मते दहा परिषदांच्या घोषणापत्रांपेक्षा जास्त शिकवतात.

एआयवरच्या जागतिक परिषदाही माहीत असाव्यात, म्हणून पटकन सांगतो. नोव्हेंबर २०२३ ब्लेचली, मे २०२४ सोल, फेब्रुवारी २०२५ पॅरिस, फेब्रुवारी २०२६ दिल्ली. तिथे चॅटजीपीटीसारख्या सेवांमागच्या मोठ्या मॉडेल्सच्या धोक्यांवर बोलणं होतं: बाजारात आणण्याआधी चाचणी कुणी करायची, जैविक शस्त्रं किंवा सायबर हल्ल्यांना मदत होईल का. हेही खरे प्रश्न आहेत, टाळू नका. लंडनच्या 'ब्लूडॉट इम्पॅक्ट' या संस्थेचा अभ्यासक्रम या बाजूला उपयोगी आहे, पण पहिल्या सहा महिन्यांत नको. आधी आपल्या पायाखालचं बघा.

इंग्रजीचं म्हणाल तर एक सवय लावून घ्या. जे वाचाल त्याचं अर्धं पान मराठीत लिहा, आपल्या आईला किंवा दुकानमालकाला कळेल असं. 'बायस'ला मी 'पूर्वग्रह' लिहायचो, नंतर 'झुकतं माप' लिहायला लागलो. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला बसणाऱ्या माणसाला तो शब्द सांगावा लागत नाही. असं लिहिता आलं नाही तर समजा की आपल्यालाच अजून कळलेलं नाही. शिवाय नियमांचे मसुदे येतात तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. २०२५ च्या जानेवारीत वैयक्तिक माहिती कायद्याचे मसुदा नियम असेच खुले झाले होते. मी तेव्हा दीड पानाचा अभिप्राय पाठवला, पूरपट्ट्याचं उदाहरण घालून. मोठ्या कंपन्यांचे वकील पाठवतातच. नदीकाठचं उदाहरण त्यांच्याकडे नसतं.

त्या ताईंचं विचाराल तर वही घेऊन मी संचालक मंडळापुढे गेलो. पहिल्या वेळी नुसतं ऐकून घेतलं. तिसऱ्या बैठकीत ठराव झाला: गुण कितीही येवोत, अर्ज कर्ज समितीपुढे जाणार, आणि नाकारला तर कारण लेखी द्यायचं. ताईंचं कर्ज आठ महिन्यांनी मंजूर झालं. त्यांचा दिवाळीचा हंगाम मात्र हातचा गेला होता. ती भरपाई कुठल्या ठरावात नव्हती, आणि ते मला अजून लागतं.

तुमच्यासाठी पहिलं काम सांगतो, याच आठवड्यात करण्यासारखं. साताऱ्यातल्या जिल्हा पुरवठा कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, मराठीत चालतो. विचारा: शिधापत्रिकाधारकांना अपात्र ठरवताना कुठली संगणकीय प्रणाली वापरली जाते, तिचे निकष काय, पुरवठादाराशी झालेल्या कराराची प्रत मिळावी, आणि अपात्र ठरलेल्याने कोणत्या अधिकाऱ्याकडे, किती दिवसांत दाद मागायची. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. नाही आलं तर पहिलं अपील. तोवर कलम ५ आणि ८६ वाचून होतील. उत्तर आलं की, अगदी 'माहिती उपलब्ध नाही' असं आलं तरी, इथे खाली टाका. मी वाचतो, आणि पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.