ऑफिस सहा किलोमीटरवर, हीच खरी अडचण
वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्या

प्रश्न : माझ्याकडे १९७० सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे कापडी टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे. इंजिनाचं काम करून तीन वर्षं झाली, पण गाडी शेडमध्येच असते. दर रविवारी दहा मिनिटं जागेवर सुरू करून ठेवतो. आता ती रोज ऑफिसला न्यावीशी वाटते. ऑफिस सहा किलोमीटरवर आहे. घरचे म्हणतात, असली गाडी जपायची असते, वापरायची नसते. इंजिनाची ताकद वाढवून घ्यावी का, हेही डोक्यात घोळतंय.

उत्तर : आधी ते रविवारचं प्रकरण बंद करा. तुम्हाला वाटतं गाडीला व्यायाम होतोय. होतं नेमकं उलटं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले तर त्याची वाफ होऊन ते निघून जातं. जागेवर दहा मिनिटं घुरघुरलं तर ऑइल जेमतेम कोमट होतं, चोक ओढलेला असल्यामुळे जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पाणी सायलेन्सरमध्ये साचून तो आतून गंजतो. ब्रेक, क्लच, डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर) मात्र जागचे हललेलेही नसतात.

म्हणून तुमच्या पत्रात मला गाडीचं वय खटकलं नाही, ते सहा किलोमीटर खटकले. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे पाणी तापलं, ऑइल नव्हे. त्याला बराच जास्त वेळ लागतो. तुमच्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा आहे, त्याच्याकडे बघायची सवय लावा : थंड इंजिनाला तो वर चढलेला असतो, ऑइल तापून पातळ झालं की खाली येऊन स्थिरावतो. तो स्थिरावेपर्यंत तुम्ही ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचलेले असाल. तेव्हा लांबच्या रस्त्याने जा. वीस-पंचवीस मिनिटांची तरी फेरी व्हायला हवी. सकाळी जमत नसेल तर येताना करा. मी अकरा वर्षं १९६६ची एमजीबी रोज कामाला नेली आणि संध्याकाळी कधीही सरळ घरी आलो नाही. यामागे तांत्रिक कारण आहे हे बायकोला पटवायला मला चार वर्षं लागली.

आता ताकदीचं. नको. ते १७९८ सीसीचं इंजिन रोजच्या रस्त्याला पुरून उरतं. पैसे आधी ब्रेककडे वळवा. बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या नळकांड्यातून, ब्रेकचे किती पाइप निघतात ते बघा. एकच निघत असेल तर तुमच्या गाडीला सिंगल सर्किट आहे. म्हणजे चारही चाकांचं तेल एकाच वाटेने जातं, आणि त्या वाटेवर कुठेही एक होज फुटला की पेडल थेट तळाला. मग हाताशी उरतो फक्त हँडब्रेक. हे मी घाबरवायला सांगत नाही. त्या काळातल्या पुष्कळ गाड्या अशाच होत्या आणि लोक त्या चालवत होते. पण त्यांचे होज तेव्हा नवे होते. रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून सुजून तेलाची वाट अडवतो, आणि मग ब्रेक सोडल्यावरही चाक पकडलेलंच राहतं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. तीन वर्षं उभ्या गाडीत ते पाणी सिलिंडरांना आतून गंज लावतं. सगळे होज, मागचे व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे), तेल, सगळं नवं. त्याआधी गाडी फाटकाबाहेर काढू नका.

टायरही बघा, पण नक्षी बघू नका. बाजूवरचे चार आकडे वाचा : ३२१४ असेल तर तो टायर २०१४च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. कमी वापरलेल्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, कडक होतात, आणि ते ओल्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला कळतं. दहा वर्षं उलटलेली असतील तर नक्षी कितीही खोल असो, काढून टाका.

विजेच्या बाबतीत तुम्ही नशीबवान. १९७०च्या गाडीला अल्टरनेटर (मंद वेगातही बॅटरी चार्ज करणारा) आणि निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं) आहे. माझ्या गाडीला डायनॅमो होता. सिग्नलला उभं राहिलं की लाल दिवा मिणमिणायचा आणि हेडलाइट पिवळे पडायचे. अर्थ पॉझिटिव्ह. हे माहीत असूनही मी एका रविवारी घाईघाईत रेडिओ उलटा जोडला. दोन सेकंदांत धूर. चूक सर्वस्वी माझी. तुम्ही एवढंच करा : हेडलाइटला रिले बसवा, म्हणजे सगळा करंट पन्नास वर्षं जुन्या स्विचमधून जाणार नाही. आणि सीटमागच्या फळीखालच्या दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या विसरू नका. दिसत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

ठिणगी पाडण्यासाठी करंट तोडणारे जुने पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायचं, यावर लोक भांडतात. मी पॉइंटवाला. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खिशात. पॉइंट बिघडताना आधी कुरकुरतात, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं की न सांगता जातं. पण रोज वापरायची आणि हात काळे करायचे नसतील तर मॉड्यूल लावा आणि जुने पॉइंट डिकीत ठेवा. सोबत कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, फ्यूज. आणि एक जुना शर्ट. विद्युत पेट्रोल पंप मागच्या चाकाजवळ, खालच्या अंगाला असतो. त्याच्या आतलेही असेच पॉइंट चिकटले की टकटक थांबते आणि गाडीही. एका मुलाखतीला जाताना मी सूट घालून भर चौकात आडवा होऊन पान्याच्या दांड्याने त्याला टोले दिले होते. पंप लगेच सुरू झाला. नोकरी मिळाली नाही.

बाकी देखभाल कंटाळवाणी आहे, म्हणून थोडक्यात : पुढच्या सस्पेन्शनच्या निपलना दर ५,००० किलोमीटरला ग्रीस, एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या उभ्या नळीत) तेल, २०डब्ल्यू-५० ऑइल वेळेवर.

एका बाबतीत मात्र घरच्यांचं ऐका. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. हेडरेस्ट आणि तीन बिंदूंचे पट्टे नसतील तर आधी बसवा. बाकीचं नंतर बसवता येत नाही. शिवाय गाडी इतकी बुटकी की ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नाही. पावसातल्या रात्री हायवेचा लांब पल्ला असेल तर दुसरी गाडी काढा. मी काढत असे, आणि कमीपणा वाटून घेत नसे.

प्रश्न : माझ्या १९७३च्या स्पोर्ट्स कारमध्ये सकाळी पेट्रोलचा वास येतो. आठवड्यात दोनदाच चालवतो. धोका आहे का?

उत्तर : आहे. कारण सापडेपर्यंत सुरूसुद्धा करू नका. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या मऊ पडतात, मग चिरतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी इथेनॉल सोसणारी घाला, क्लॅम्पही नवे. त्यानंतरही वास राहिला तर कार्ब्युरेटरची फ्लोटची सुई (पेट्रोल भरलं की वाट बंद करणारी) नीट बसत नसेल. टाकीच्या गळ्याची रबरी बाही हमखास विसरली जाते.

प्रश्न : जुन्या रोडस्टरची मजा रोज हवी, पण बॉनेट उघडायला वेळ नाही. काय घ्यावं?

उत्तर : मग १९८९ साली आलेली पहिली माझदा एमएक्स-५ बघा. १.६ लिटर, फ्युएल इंजेक्शन, हलकी, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू. मजा अस्सल आहे, हे मी माझ्या एमजीबीची माफी मागून लिहितो. फक्त सिल्स, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, तपासा. कापडी टपामागच्या नाल्या पानाकचऱ्याने तुंबतात आणि पाणी आत मुरून सिल्स कुजतात. सौद्याआधी त्या नाल्यांत तांब्याभर पाणी ओता आणि ते मागच्या चाकापुढे जमिनीवर पडतं का, ते वाकून बघा.