प्रवासाचं विचारा : लामूतला शेवटचा दिवस

प्रश्न : मी चिपळूणचा. येत्या फेब्रुवारीत पाठीवर एक सॅक घेऊन एकटाच केनियाच्या किनाऱ्यावर जातोय. शेवटचा मुक्काम लामू बेटावर, एका कुटुंबाच्या घरातल्या खोलीत. निघायच्या दिवशी मांडा विमानतळावरून दुपारी अडीचला नैरोबीचं विमान आहे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नैरोबीहून मुंबई. त्या सकाळी शिडाच्या होडीनं तक्वाचे अवशेष पाहून तसंच विमानतळावर जावं, असं मनात आहे. जमेल का? भाचीला किनाऱ्यावरचे शंख आणायचं कबूल केलंय. उरलेले शिलिंग आणि जास्तीचे कपडे कुणाला द्यावेत?

उत्तर : तक्वा अवश्य बघा, पण शेवटच्या दिवशी नको. तक्वा आणि विमानतळ दोन्ही मांडा बेटावर, त्यामुळे नकाशावर तुमचा बेत सोयीचा वाटतो. पण तक्वाला नेणारी खाडी तिवरांतून जाते आणि तिच्यात होडी शिरते ती भरतीलाच. ओहोटी लागली की होडी चिखलात बसते, मग पुढच्या भरतीची वाट बघा. वाशिष्ठीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून हा बेत इथे बसून ठरवता येत नाही. लामूत पोचल्या दिवशीच नावाड्याला वेळ विचारा आणि मधल्या एखाद्या दिवशी जाऊन या. सतराव्या शतकात ओस पडलेलं गाव आहे ते, मशिदीच्या भिंती अजून उभ्या आहेत. घड्याळाकडे बघत फिरण्याची जागा नव्हे.

आणि वेळ विचाराल ती घड्याळावर बोट ठेवून पक्की करा. तिथे दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. नावाडी 'तीन वाजता' म्हणाला तर त्याला सकाळचे नऊ म्हणायचे असतात.

शेवटची सकाळ गावासाठी ठेवा, हे मी अगदी आग्रहानं सांगते. माझ्या यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही मोंबासात राहायचो, तेव्हापासून लामूला जातेय. २००१ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान दिलेलं हे गाव बघायला लोक येतात आणि नक्षीदार दारांचे फोटो काढून जातात. पण ती दारं उघडतात कुणासाठी? जो बसतो त्याच्यासाठी. दाराशी दगडी ओटा असतो, त्याला बराझा म्हणतात. जाणारा-येणारा तिथेच टेकतो, कोळशावरच्या पितळी भांड्यातली कडू कॉफी इवल्याशा कपातून येते आणि विचारपूस सुरू होते. घरचे कसे आहेत, झोप लागली का, प्रकृती कशी आहे, कामधंदा कसा चाललाय. या विचारपुशीला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. निरोपाची तर बातच सोडा. आम्ही उतरायचो त्या घरच्या आजीबाई निघताना माझ्या घरातल्या एकेकाचं नाव विचारून घ्यायच्या आणि त्या प्रत्येकासाठी दुआ मागायच्या. ती मधेच थांबवून 'बोट सुटेल' म्हणणं कुणाला शोभेल?

म्हणून सकाळी लवकर उठा. न्याहारीला महाम्री आणि नारळाच्या दुधातली तूर खा. महाम्री म्हणजे वेलची घातलेली तळलेली पुरी, आपल्या कोकणी जिभेला लगेच पटते. मग यजमानांना विचारून घर नीट बघा. खोल्या लांबट आणि अरुंद दिसतील, कारण छत तिवराच्या वाशांवर तोललेलं असतं आणि वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, म्हणून आत गारवा. पोहायचंच असेल तर शेलाचा किनारा पाऊण तासाच्या चालीवर आहे. भरतीला वाटेचा काही भाग पाण्याखाली जातो, तेव्हा येताना होडी घ्या. गाव मुसलमान वस्तीचं आहे; पोहण्याच्या कपड्यांत गल्लीतून फिरू नका, आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

अडीचच्या विमानासाठी साडेबाराला धक्क्यावर असा. पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटंच लागतात, पण निघायचा दिवस शुक्रवार असेल तर जुम्म्याच्या नमाजाला नावाडी मशिदीत असतात. त्या दिवशी बाराच्या आतच पलीकडे गेलेलं बरं. छोट्या विमानांत बऱ्याचदा १५ किलोच सामान चालतं, तिकिटावर बघून ठेवा. विमान नैरोबीत कुठे उतरतं तेही बघा. लामूची बरीच विमानं विल्सन विमानतळावर उतरतात आणि मुंबईचं सुटतं जोमो केन्याटाहून. मधे नैरोबीची वाहतूक आहे. तुमच्या हाताशी रात्र आहे, ती मोकळीच ठेवा.

शंखांचं मात्र भाचीला आत्ताच समजावून सांगा. परवान्याशिवाय शंख-प्रवाळ केनियाबाहेर नेता येत नाहीत आणि प्रवाळाला आपल्याकडेही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय किनाऱ्यावरच्या रिकाम्या शंखात उद्या एखादा खेकडा राहायला येणार असतो. त्याऐवजी लामूच्या सुतारांनी केलेली शिडाची छोटी होडी न्या, पोर खूश होईल. आईसाठी कांगा घ्या, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील सुती कापड. तो जोडीनं मिळतो आणि काठावर स्वाहिलीत एक वचन छापलेलं असतं. ते दुकानदाराकडून वाचून घ्या, मगच पैसे द्या. काही वचनं शेजारणीला टोमणा मारणारी असतात. खरेदी बांधायला प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. केनियात ऑगस्ट २०१७ पासून त्यांवर बंदी आहे. चपला नि ओले कपडे कापडी पिशवीत भरा.

शिलिंग भारतात बदलून मिळणं कठीण. सुट्या नोटा नावाडी आणि हमालांसाठी ठेवा, उरलेले नैरोबीच्या विमानतळावर डॉलरमध्ये करून घ्या. कपडे धुऊन, घडी घालून यजमानीणबाईंच्या हाती द्या. कुणाला गरज आहे हे त्यांना ठाऊक असतं. किनाऱ्यावर पोरांना गोळा करून वाटू नका. त्या पोरांच्या आयांना ते आवडत नाही, आणि का आवडावं? घरासाठी इथून नेलेला खाऊ मात्र पहिल्याच दिवशी द्या, म्हणजे तुमच्यासोबत बसून खाल्ला जाईल.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची असते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा तारीख आजच घ्या. तो कागद सॅकमध्ये नको, पासपोर्टसोबत ठेवा. लामूत मलेरिया आहे. डॉक्टर जी गोळी देतील ती परतल्यावरही चालू ठेवावी लागते, काही सात दिवस तर काही चार आठवडे. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर चिपळूणच्या डॉक्टरांना आधी 'केनियाला गेलो होतो' हे सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.