मेलबर्नमधल्या मराठी मंडळात ऊन आणि स्किन कॅन्सरबद्दल बोलायचंय. ‘आपण सावळे, आपल्याला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना कसं पटवायचं?

तुम्ही कळवलंय ते असं: जानेवारीत मंडळाचा संक्रांतीचा मेळावा पार्कात आहे, दुपारी बारा ते चार. त्यात वीस मिनिटं उन्हाबद्दल बोलायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, आणि वरचं वाक्य खुद्द कमिटीतल्याच एका काकांनी ऐकवलंय. मी इथेच फार्मसीत काम करतो, त्यामुळे हे वाक्य मला नवं नाही. काकांशी वाद घालू नका. त्यांचं निम्मं बरोबर आहे.

ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत तिघांतल्या किमान दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर होतो, हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. पण त्यात भरणा गोऱ्या कातडीच्या लोकांचा आहे. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे तिला रंग देणारं द्रव्य, आपल्याला बरंच सांभाळून घेतं. इथल्या तज्ज्ञांनीही अलीकडे सगळ्यांना एकच नियम लावणं सोडलंय. गडद त्वचेच्या माणसाने रोज सनस्क्रीन फासायची गरज नाही, बराच वेळ बाहेर राहायचं असेल तेव्हा काळजी घ्यावी, आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं, असं ते सांगतात. हे तुम्ही स्वतःच सुरुवातीला सांगून टाका. मग पुढचं लोक ऐकतील. शिवाय मंडळात सगळे एका रंगाचे थोडेच असतात? घारेगोरेही असतात, आणि त्यांना ‘आपण भारतीय’ एवढ्यावर सूट मिळत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. आपण ऊन मोजतो ते चटक्यावर. चटका बसला, घाम आला की ऊन कडक. इथे ते चालत नाही. अतिनील किरण गरम लागत नाहीत. गार वाऱ्यात, पातळ ढगांतूनही पोचतात. यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ३ किंवा त्याहून वर गेला की काळजी घ्यायची, आणि मेलबर्नला तो ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत दिवसाचा काही वेळ तरी ३ गाठतो. म्हणजे गणपतीत आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हाही. जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, दुपारी हा आकडा ११ किंवा १२ होतो. उन्हाळ्यात इथे घड्याळ तासभर पुढे केलेलं असल्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, दीडच्या सुमाराला. नेमकी तुमची जेवणाची पंगत!

म्हणून भाषणाआधी कमिटीकडे एक मागणी करा: मेळावा पाचनंतर ठेवा. त्या दिवसांत पावणेनऊपर्यंत उजेड असतो, पोरांचे पतंगही उडतील. दुपारी पतंग उडवणारं पोर तासभर आभाळाकडे डोळे लावून उभं असतं, आणि डोळ्यांना त्वचेसारखं मेलॅनिनचं कवच नसतं. गॉगल सावळ्या मुलालाही लागतोच. वेळ बदलणं जमलं नाही तर निदान मांडव झाडांखाली घाला. वीस मिनिटांच्या भाषणापेक्षा याने जास्त काम होईल.

या देशानेही नुसती भाषणं दिली नाहीत. १९८१ साली टीव्हीवर सिड नावाचा कार्टून सीगल नाचत आला: ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’. शर्ट चढवा, सनस्क्रीन चोपडा, टोपी घाला. सावली आणि गॉगल पुढे जोडले गेले. पण मुरलं ते शाळांमुळे. टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत खेळ नाही, सावलीत बसायचं, हे तुमच्या मुलांना पाठ असेल. क्रिकेटवाल्या काकांसाठी ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार आणि समालोचक रिची बेनॉ यांचं उदाहरण ठेवा. तरुणपणी त्यांनी कधी टोपी घातली नाही, कारण त्यांचा आदर्श, ऑस्ट्रेलियाचा अष्टपैलू कीथ मिलर, घालत नसे. २०१४ मध्ये कपाळावरच्या आणि डोक्यावरच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना त्यांनी स्वतःच हे सांगितलं. माजी कर्णधार मायकेल क्लार्कही चेहऱ्यावरून कॅन्सर काढून घेतल्याचं उघडपणे सांगत असतो.

आपल्यासाठी मात्र सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं तळपायांना द्या. सावळ्या माणसाला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा सगळ्यात घातक कॅन्सरांपैकी एक, झालाच तर तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली निघतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो, त्यामुळे सनस्क्रीनचा उपयोग नाही. बघणं एवढाच उपाय. तळव्यावर नवा, पसरत चाललेला काळा डाग, एकाच नखात उमटून रुंद होत जाणारी काळी रेघ, भाजल्याच्या जुन्या व्रणावर न भरणारी जखम, यातलं काही दिसलं तर जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, दाखवा. नखातल्या अशा रेघा आपल्यात बहुतेकदा निरुपद्रवी असतात, हेही सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी निम्मं मंडळ पायमोजे काढून दवाखान्यात बसेल. आपल्याकडे हे उशिरा सापडतं, कारण रुग्णाला शंका येत नाही आणि कधी कधी डॉक्टरलाही येत नाही.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. ‘सनस्क्रीन लावा, काळे पडणार नाही’ असं चुकूनही म्हणू नका. काउंटरवर ‘गोरं करणारं सनस्क्रीन आहे का’ असं विचारणारे रोज भेटतात. त्या वाटेला गेलात तर सावळ्या मुलींच्या पदरात तेच जुनं ऐकणं पडेल.

काळ्या साडीचं मात्र कौतुक करा. घट्ट विणीचं गडद कापड फिकट पातळ कापडापेक्षा जास्त किरण अडवतं, त्यामुळे संक्रांतीचा पोशाख या बाबतीत उत्तम. उकडेल, ते वेगळं. बेसबॉल कॅप नको, कान आणि मान उघडी राहते; चहूकडून साडेसात सेंटीमीटर काठ असलेली हॅट हवी. आणि सनस्क्रीनचं प्रात्यक्षिक दाखवा. आपले लोक बाळाला तीट लावावी तेवढं लावतात. मोठ्या माणसाच्या अंगाला चहाचे सात चमचे लागतात: चेहरा-मान-कानांना एक, प्रत्येक हातापायाला एक, छाती-पोटाला एक, पाठीला एक. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी.

हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं हे ठरलं नसेल, तर सनस्क्रीनच्या छोट्या ट्यूब द्या. सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडची एसपीएफ ५०+ घेतली तरी चालते, फक्त तारीख बघून घ्या. झिंकवाल्या क्रीमने आपला चेहरा राखाडी दिसतो आणि मग ती ट्यूब कपाटातच राहते, म्हणून जेल घ्या.