व्यवसाय अभ्यासाचे संशोधन : आकडा कोणाचा आणि कोणासाठी?

प्रश्न : कोल्हापूरच्या फाउंड्री (धातूच्या ओतकामाच्या) उद्योगावर एमबीएचा प्रकल्प करत आहे. बहुतेक कारखाने शेअर बाजारात नोंदलेले नाहीत. त्यांची आर्थिक माहिती कोठे मिळेल?

उत्तर : शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील जे कारखाने प्रायव्हेट लिमिटेड आहेत, त्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून पाहता येतात. भागीदारी व एकल मालकीच्या कारखान्यांचे हिशेब मात्र तेथे नसतात. त्यामुळे केवळ ताळेबंदांवर विसंबलात, तर तुमचे निष्कर्ष पहिल्या गटापुरतेच खरे राहतील आणि तसे प्रकल्पात स्पष्ट नमूद करावे लागेल.

विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात न येणारा आणखी एक मार्ग म्हणजे पतमानांकन संस्थांची, म्हणजे कंपनी कर्ज फेडू शकेल का हे जोखणाऱ्या संस्थांची टिपणे. बँकेचे कर्ज घेतलेल्या अनेक मध्यम कारखान्यांचे मानांकन क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या संस्था करतात आणि त्यामागील कारणमीमांसा त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य असते. उलाढाल, कर्जाचा भार, मोजक्या ग्राहकांवरील अवलंबित्व, येणी वसूल होण्यास लागणारा काळ असे तपशील तेथे मिळू शकतात. मात्र मानांकनापुढे ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ असा शेरा आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. तो असेल तर कंपनीने ताजी माहिती दिलेली नसून मानांकन हाती असलेल्या जुन्या माहितीवर बेतलेले आहे, असे समजावे.

कारखान्यांची संख्या उद्यम नोंदणीवरून, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीवरून घेण्याचा मोह होईल. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती स्वयंघोषणेवर चालते. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक मर्यादा १ कोटीवरून अडीच कोटी आणि उलाढालीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी रुपये झाली; त्यामुळे पूर्वी लघु गणले जाणारे काही कारखाने आता सूक्ष्म ठरतात. त्या तारखेच्या अलीकडचे व पलीकडचे आकडे शेजारी मांडून ‘लघुउद्योग घटले’ असे लिहिणे म्हणजे व्याख्येतील बदलाला उद्योगाची घसरण ठरवणे होय.

प्रश्न : आयपीओच्या (कंपनीच्या पहिल्या जाहीर समभाग विक्रीच्या) मसुदा माहितीपत्रकातील बाजारपेठेचे आकडे ग्राह्य धरावेत का?

उत्तर : सावधपणे. उद्योगाचा आढावा घेणारे प्रकरण बहुधा कंपनीनेच पैसे मोजून करून घेतलेल्या अहवालावर आधारलेले असते, आणि तशी कबुली त्याच दस्तऐवजात दिलेली असते. माझ्या मते जोखमींचे आणि न्यायालयीन खटल्यांचे प्रकरण अधिक मोलाचे, कारण तेथे माहिती दडवल्यास ते कंपनीच्याच अंगाशी येते. आकडे लेखापरीक्षित आहेत एवढ्यावरही निर्धास्त राहू नये. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या हिशेबाच्या पुस्तकांत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, हे जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षांनीच कळवले. नफ्याशेजारी रोख प्रवाह ठेवून पाहण्याचा नेहमीचा उपाय तेथे पुरेसा ठरला नसता, कारण खोट रोख शिलकेतच होती.

प्रश्न : यूजीसी-केअर यादी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य संशोधन नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद झाली. आता नियतकालिकाची पारख कशी करावी?

उत्तर : संपादक मंडळावरील दोन-तीन प्राध्यापकांची त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील माहिती काढा आणि तेथे या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, ते पाहा. एकाच अंकात व्यवस्थापन, प्राणिशास्त्र आणि संस्कृत साहित्य एकत्र नांदत असेल आणि शुल्क भरताच आठवड्याभरात लेख स्वीकारला जात असेल, तर आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही.

प्रश्न : चॅटजीपीटीने दिलेले संदर्भ ग्रंथसूचीत घेता येतील का?

उत्तर : मूळ लेख उघडून वाचल्याखेरीज नाही. लेखकही खरा, नियतकालिकही खरे, परंतु त्या लेखकाने तेथे तसा लेख लिहिलेलाच नाही, असे संदर्भ ही साधने सहज रचतात. डीओआय क्रमांक (लेखाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) शोधून पाहिला की खरेखोटे लगेच कळते. लेख सशुल्क असल्यास आधी ग्रंथपालांना भेटा. तुमची संस्था शासकीय असेल, तर संशोधन नियतकालिके शासकीय संस्थांना खुली करणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेतून तो विनामूल्य मिळण्याचा संभव आहे.