वाचनालयाच्या बालविभागासाठी नवीन मराठी पुस्तकं कुठून आणि कशी निवडावीत?

प्रश्न: तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. बालविभाग नव्यानं मांडायचा आहे, पैसे बेताचेच आहेत. पाच ते सोळा वयाच्या मुलांसाठी नवीन काय घ्यावं? आणि नवीन काय आलंय हे आमच्यासारख्यांना कळावं कुठून?

उत्तर:

मी कोकणातल्या एका वाचनालयाचा बालविभाग बरीच वर्षं सांभाळतोय, त्या अनुभवावरून लिहितो. घ्यायचं काय ते पुढे येईलच, आधी न घेण्याचं सांगतो.

मार्च जवळ आला, अनुदान खर्ची टाकायची घाई सुरू झाली की पुरवठादार दारात हजर होतो. त्याच्याकडे 'सेट' असतात. बिरबल, तेनालीराम, इसापनीती, थोरांची चरित्रं, संस्कारकथा. सोळा-सोळा पानं, चकचकीत मुखपृष्ठ, छापील किमतीवर निम्म्याहून जास्त सूट. दाखल नोंदवहीत एका दिवसात पन्नास नोंदी होतात, कार्यकारिणीही खूश. पुढे ती पुस्तकं कपाटात जशीच्या तशी राहतात. आमच्याकडे पावसाळ्यात त्यांच्या मधल्या पिना गंजतात आणि पानं तपकिरी ठिपक्यांसकट सुटी होतात.

अशी पुस्तकं ओळखायची साधी खूण आहे. मुखपृष्ठ उलटा आणि आतल्या पानावरची बारीक अक्षरं वाचा. लेखक कोण? चित्रं कोणी काढली? आवृत्ती कुठल्या सालची? लहान मुलांच्या पुस्तकावर चित्रकाराचं नाव नसेल तर मी ते तिथेच खाली ठेवतो. नाव घालण्याइतकंही ज्याला चित्रकाराचं महत्त्व वाटलं नाही, त्यानं चित्रं कुठून तरी उचललेली असण्याचीच शक्यता जास्त. मग मधलं कुठलंही एक पान उघडा, मजकुरावर हात ठेवा आणि नुसतं चित्र बघा. मजकुरात नसलेलं काही चित्रात दिसतंय का? मांजर कुठे लपलंय, आजीची चप्पल कुठली, मागच्या खिडकीत कोण उभं आहे? वाचता न येणारं मूल पुस्तक 'वाचतं' ते याच गोष्टींवर. मजकुरात 'राजा सिंहासनावर बसला' आणि चित्रातही राजा सिंहासनावर बसलेला, एवढंच असेल तर मूल दुसऱ्यांदा ते पान उघडत नाही.

या कसोटीला हमखास उतरणारी मराठी पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाकडे सापडतील. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर', यशच्या गोष्टी, 'बाबांच्या मिश्या' ही काही काल आलेली नाहीत, पण तुमच्या वाचनालयात नसतील तर तुमच्या मुलांसाठी ती नवीनच. लेखिकेनं चित्रंही स्वतःच काढल्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत. त्यांनीच संपादित केलेलं 'वाचू आनंदे' जरूर घ्या. मराठीतले निवडक उतारे आणि कविता बालगट आणि कुमारगट अशा दोन्ही गटांसाठी तिथे मिळतात. त्यातला एखादा उतारा मोठ्यानं वाचायचा आणि मूळ पुस्तक हातात द्यायचं, असा उपयोग मी करतो. शाळेचे शिक्षकही ते मागून नेतात, आणि परत आणायला विसरतात.

स्वस्तात चांगलं हवं असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं बघा. किंमत कमी आहे म्हणून निर्मिती उतरवलेली, असं इथे होत नाही. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची मराठी-इंग्रजी जोडपुस्तकंही (एकाच पुस्तकात दोन्ही भाषा) थोडी घ्या. इंग्रजी माध्यमातली पोरं ती न्यायला तयार होतात, कारण आई म्हणते इंग्रजी वाच आणि आजी म्हणते मराठी वाच.

आता नवीन काय आलंय ते कळण्याबद्दल. खरं सांगायचं तर मराठीत बालपुस्तकांची नियमित, रोखठोक परीक्षणं छापणारी जागा जवळजवळ नाहीच. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत जे येतं ते बहुतेक स्वागतपर. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी असते, पण नुसत्या यादीवरून पुस्तक कसं आहे ते कळत नाही. म्हणून मी पुरस्कारांपासून सुरुवात करतो. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून दिला जातो, आणि मराठीची यादी नऊ ते तेरा वयासाठी बरीच उपयोगी आहे. 2017 ला ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा', 2019 ला सलीम मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध', 2020 ला आबा महाजन यांचं 'आबाची गोष्ट', 2022 ला संगीता बर्वे यांचं 'पियूची वही', 2024 ला भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला', 2025 ला सुरेश सावंत यांचा 'आभाळमाया' हा कवितासंग्रह. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांतही बालवाङ्मयाचे स्वतंत्र विभाग असतात. तीही नावं दरवर्षी उतरवून ठेवा.

अर्थात पुरस्कार मोठी माणसं देतात. 'भूतबंगला' हा शब्द शीर्षकात असला की पुस्तक आपोआप फिरतं. 'खारीच्या वाटा'सारखं शांत पुस्तक मात्र मुलांपर्यंत तुम्हालाच न्यावं लागतं. पहिली चार पानं वाचून दाखवायची आणि नेमकं तिथेच थांबायचं. एवढ्यानं पुस्तक घरी जातं.

मासिकांना कमी लेखू नका. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. ज्ञान प्रबोधिनीचं 'छात्र प्रबोधन', 'वयम्', अगदी लहानांसाठी 'चिकूपिकू' यांतलं निदान एक तरी चालू ठेवा. 'साधना'चे बालकुमार आणि युवा दिवाळी अंक स्वस्त असतात, त्यांच्या दोन-दोन प्रती घ्या. एक अंक फाटेस्तोवर वाचला जातो, दुसरा जपून ठेवायला.

फुकट साधनांत माझं सगळ्यात जास्त काम प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरनं केलंय. 2015 ला सुरू झालेल्या या संकेतस्थळावर मराठीत भरपूर गोष्टी आहेत. लेखक-चित्रकारांचा नामनिर्देश ठेवला की त्या उतरवून घ्यायला, छापायला, वाटायलाही मोकळीक आहे. गोष्टींच्या चार पायऱ्या केल्यात. पहिलीत पानाला एखादं वाक्य, चौथीत सलग मजकूर. आम्ही त्या जाड कागदावर रंगीत छापून घेतो, दोन बाजूंना दोरी बांधतो आणि कपड्यांच्या चिमट्यांनी त्या तिच्यावर अडकवतो. दोरी पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बांधा, आपल्या नाही. या प्रतींची नोंद साध्या वहीत ठेवा. दाखल नोंदवहीत घातल्या तर तपासणीच्या वेळी फाटलेल्या कागदांचा हिशेब देत बसाल.

शिक्षण मंत्रालय आणि नॅशनल बुक ट्रस्टनं 2024 मध्ये सुरू केलेलं राष्ट्रीय ई-पुस्तकालयही विनामूल्य आहे. तिथली पुस्तकं 3 ते 8, 8 ते 11, 11 ते 14 आणि 14 ते 18 अशा वयोगटांत लावलीत. वाचनालयात एखादा संगणक पडून असेल तर त्यावर हे आणि मराठी विश्वकोश उघडून ठेवा. प्रकल्पासाठी आलेली सातवी-आठवीतली मुलं विश्वकोशातून उतरवून घेतात, त्यांना दोन नोंदी ताडून बघायला शिकवता येतं.

पाटीवर वय लिहू नका, एवढं आग्रहानं सांगेन. '6 ते 8 वर्षे' असं लिहिलेल्या कप्प्याला सहावीतला मुलगा हात लावत नाही, मग त्याला अजून जोडाक्षरं नीट वाचता येत नसली तरी. आम्ही मुखपृष्ठाच्या डाव्या कोपऱ्यात खाली रंगीत टिकली लावतो. चित्रपुस्तकांचा कणा इतका बारीक असतो की क्रमांकाची चिठ्ठी तिथे बसतच नाही, त्यामुळे नाहीतरी कोपराच वापरावा लागतो. कुठला रंग म्हणजे वाचायला किती सोपं, हे ग्रंथपालाला माहीत, मुलांना सांगायची गरज नाही.

किशोरवयाचं सगळ्यात अवघड. तेरा ते सोळा वयासाठी मुद्दाम लिहिलेली मराठी कादंबरी फारच थोडी आहे. आठवीतून मुलं वाचनालयातून गायब होतात त्याला क्लास आणि मोबाईल जबाबदार आहेतच, पण त्यांच्यासाठी कपाटात काही नसतं हेही खरं. मी मोठ्यांच्या विभागातून पुस्तकं काढून त्यांचा वेगळा कप्पा केला. मिलिंद बोकील यांची 'शाळा', वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर', जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, राम पटवर्धनांनी अनुवादलेलं 'पाडस', नॅशनल बुक ट्रस्टचं 'तोत्तोचान'. 'शाळा' मुलांना द्यावी का, यावर आमच्या कार्यकारिणीत रीतसर चर्चा झाली होती. नववीतल्या मुलांची गोष्ट नववीतल्या मुलांना द्यायची नाही, तर मग कोणाला द्यायची? हा कप्पा बालविभागात ठेवू नका. भिंतीवर ससे आणि फुलपाखरं रंगवलेल्या खोलीत पंधरा वर्षांची मुलगी पाऊल टाकत नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी ठेवा. तिथे उभं राहिलं की मुलं मोठी दिसतात.

हिंदीकडेही बघा. भोपाळच्या इकतारा संस्थेची जुगनू प्रकाशनाची पुस्तकं, 'साइकिल' हे मासिक, एकलव्य संस्थेचं 'चकमक' हे मासिक यांची चित्रं आणि मांडणी मराठीच्या पुष्कळ पुढे गेली आहे, हे कबूल करायला हरकत नाही. टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाची ऑनर लिस्ट 2020 पासून निघते, तीत हिंदी-इंग्रजी पुस्तकं असतात. सगळी विकत घेणं परवडणार नाही, पण चांगलं पुस्तक कशाला म्हणतात याची नजर त्या यादीवरून तयार होते. पराग ग्रंथपालांसाठी अभ्यासक्रमही चालवतं, जमल्यास करा.

पैशांचं म्हणाल तर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या असमान निधी योजनांत (म्हणजे राज्यानं आपला वाटा घालावा लागत नाही अशा) बालविभागासाठी साहाय्य आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात चौकशी करा. प्रकाशकाला थेट फोन केला तर वाचनालयाला सूट मिळते, आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात पुस्तक हाताळून घेता येतं.

समजा हाताशी दहा हजार आहेत. मी चार हजारांची चित्रपुस्तकं घेईन, दोन हजार मधल्या गटाला, दोन हजार किशोरांच्या कप्प्याला, एक हजार मासिकं आणि छपाईला. उरलेले हजार जुलैपर्यंत हातचे राखेन. शाळा सुरू झाल्यावर मुलं येऊन 'याच्या पुढचा भाग आहे का' असं विचारायला लागतात, तो भाग त्यातून आणायचा.